आदेशच दाखवत नाहीत, मग दाद कशाविरुद्ध मागायची?

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली, त्याबद्दल पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या ‘लाइक’ केल्या, एवढंच. पोलिसांनी दोघींनाही अटक केली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्या अटकेनंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ विरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर व न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने ते कलम रद्द केलं.

निकालाचा हा भाग सर्वांच्या लक्षात राहिला. पण त्याच निकालाने कलम ६९अ शाबूत ठेवलं. इंटरनेटवरचा मजकूर लोकांना दिसू नये म्हणून बंद करण्याचा अधिकार केंद्र सरकारला देणारं हे कलम. न्यायालयाने ते का राखलं? सरकारला बंदीची कारणं लेखी नोंदवावी लागतात, त्यामुळे अन्याय झालेल्या माणसाला उच्च न्यायालयात जाऊन त्या कारणांना आव्हान देता येतं, हा त्यामागचा एक महत्त्वाचा आधार होता.

हा आधार प्रत्यक्षात पोकळ आहे. याच कलमाखाली २००९ साली केलेल्या नियमांतला सोळावा नियम सांगतो की बंदीच्या मागण्या, तक्रारी आणि त्यांवरची कारवाई यांबाबत कडक गुप्तता पाळावी. मग सरकार आदेश मजकूर जिच्या मंचावर आहे त्या कंपनीला धाडतं, कंपनी मजकूर काढते आणि लिहिणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. सुनावणीची तरतूद आहे, पण नोटीस बहुतेक वेळा कंपनीलाच जाते. दुसऱ्याच्या लेखासाठी कंपनी का भांडेल? तिला इथे धंदा करायचा असतो. आदेशांची फेरतपासणी करणारी समिती आहे म्हणावं, तर तीत बसतात तेही सरकारचेच सचिव. तातडीच्या प्रसंगी तर आधी बंदी, सुनावणी नंतर.

एका पत्रकाराने हुंड्याच्या प्रथेवर बोचरी टीका करणारं संकेतस्थळ चालवलं होतं. २०१८ मध्ये ते बंद झालं. त्याने कारण विचारलं, तर गुप्ततेकडे बोट दाखवण्यात आलं. बंदीचा आदेश त्याला मिळावा यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाला २०२२ मध्ये निर्देश द्यावे लागले. ज्याला वकील परवडत नाही, कोर्टाच्या तारखा झेपत नाहीत, त्याने काय करायचं? तो लिहिणंच सोडतो. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘विकटन’ या जुन्या तमिळ प्रकाशनाचं संकेतस्थळ एका व्यंगचित्रावरून बंद झालं. ते मोठं प्रकाशन, म्हणून मद्रास उच्च न्यायालयात गेलं आणि पुढच्याच महिन्यात, व्यंगचित्र तूर्त काढण्याच्या अटीवर, संकेतस्थळ खुलं झालं. गावातल्या यूट्यूब वाहिनीची ही ताकद नाही.

दहशतवाद, दंगली, लहान मुलांचं शोषण यांबाबत सरकारला अधिकार हवेत, हे मला मान्य आहे. पण अधिकार असणं वेगळं आणि तो कसा वापरला हे लपवणं वेगळं. जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध करायला सांगितले. अख्ख्या प्रदेशाचं इंटरनेट बंद करण्याचा आदेश जाहीर होऊ शकतो, तर एका लेखावरच्या बंदीचा का नाही? खरोखर नाजूक असेल तेवढा तपशील झाकावा, उरलेला द्यावा.

ही लपवालपवी बंदीच्या आदेशांपुरती नाही. त्याच काळात खासगीपणाचा कायदा कुठल्या दिशेने गेला तेही पाहा. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या पायावर उभ्या राहिलेल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने सरकारी यंत्रणांना सवलत देण्याची मुभा ठेवली आणि वर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(जे) मध्ये बदल केला. पूर्वी व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहितीही द्यावी, असं त्या पोटकलमातच होतं. आता ते शब्द तिथून गेले. कलम ८(२) मध्ये जनहिताची तरतूद आहे, असं सरकार म्हणतं. पण अर्ज फेटाळू पाहणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला ‘वैयक्तिक माहिती’ एवढं कारण पुरतं. पुढची अपिलं अर्जदाराच्या माथी. केंद्राच्या आधी, २००२ मध्ये, माहिती अधिकाराचा कायदा केलेल्या महाराष्ट्रात याविरुद्ध आवाज उठायला हवा होता, तितका उठला नाही. लाभार्थ्यांच्या याद्या आणि अधिकाऱ्यांची प्रमाणपत्रं तपासणारे, म्हणजे ज्यांना याचा फटका बसेल ते कार्यकर्ते आपल्याच तालुक्यांत आहेत.

पुन्हा बंदीच्या गुप्ततेकडे येऊ. सोळाव्या नियमाविरुद्धच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये नोटीस काढली. पण न्यायालयाची वाट पाहायचं कारण नाही. हा नियम संसदेने नव्हे, केंद्र सरकारने केला आहे. तो बदलायला एक अधिसूचना पुरेशी आहे. तुमच्या खासदाराला या आठवड्यात पत्र लिहा आणि ती अधिसूचना काढण्यासाठी सरकारकडे आग्रह धरायला सांगा.