अनुमोदना कशाची करतो आपण?



चौविहार असलेल्या घरात संध्याकाळ फार मोठी असते. सूर्यास्ताआधी जेवणं आटोपतात, ओटा पुसून होतो, प्रतिक्रमण होतं, तरी झोपेपर्यंत दोन तास उरतात. पूर्वी त्या वेळात मी उद्याची भाजी निवडायचे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लेकीने मोबाइलवर एक कोरियन मालिका लावून दिली आणि ते दोन तास कोरियाला गेले ते गेलेच. उगाच लपवत नाही. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ मी दोनदा पाहिली आहे. मांस भाजण्याचे आणि दारू ओतण्याचे प्रसंग आले की मी बोटाने पुढे ढकलते. तिकडच्या मालिकांत ते इतके येतात की माझा भाग सगळ्यांच्या आधी संपतो!

आमच्या जळगावच्या महिला मंडळात या मालिकांवरून नेहमी जुंपते. एक बाजू म्हणते, मुली बिघडतात, मिठ्या आणि चुंबनं बघून नको ते शिकतात. दुसरी बाजू म्हणते, तिथले नायक किती हळवे, बायकांचं किती ऐकतात, आपल्या मुलांनी जरा शिकावं. मला दोन्ही बाजूंशी भांडायचं आहे. मिठीला घाबरणाऱ्यांना मूळ रोग दिसलेला नाही. आणि नायकावर भाळणाऱ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, आपण नक्की कशाला टाळ्या वाजवतो ते एकदा तपासायला हवं.

‘बॉइज ओव्हर फ्लॉवर्स’चं उदाहरण घ्या. मूळ गोष्ट एका जपानी लेखिकेच्या चित्रकथेची, १९९० च्या दशकातली. तिच्यावर २००१ साली तैवानने मालिका केली, मग जपानने, २००९ साली कोरियाने, पुढे चीन आणि थायलंडनेही. गोष्ट अशी: अब्जाधीशाचा मुलगा, लॉन्ड्रीवाल्याची मुलगी. ती त्याच्यापुढे नमत नाही म्हणून तो अख्ख्या शाळेला तिच्यावर सोडतो. मग त्याला ती आवडायला लागते, तेव्हा माणसं पाठवून तिला उचलून बंगल्यावर आणवतो आणि नवे कपडे घालून नटवतो. ती नको म्हणते. तो मनगट धरून ओढत नेतो. आणि आपण इकडे उशी छातीशी धरून म्हणतो, काय प्रेम आहे बाई!

आपल्याकडेही काही वेगळं नाही. ‘रांझणा’तला नायक मुलीने हो म्हणावं म्हणून तिच्यासमोर मनगटावर ब्लेड चालवतो. मुलगी घाबरून हळवी होते आणि थिएटरात शिट्ट्या पडतात. बनारस असो की सेऊल, हिशोब एकच. मुलीचा नकार हा पहिला दर आहे, मागे लागत राहिलं की तो उतरतो, असं जणू बाजारात घासाघीस करावी तसं.

यात एक लबाडी आहे आणि ती ओळखायला मला फार वर्षं लागली. मालिका लिहिणारा आपल्याला नायिकेच्या मनात नेऊन बसवतो. ती तोंडाने नाही म्हणते आणि मागे लगेच मंद संगीत सुरू होतं, ती खिडकीतून चोरून बघते, एकटीच हसते. म्हणजे तिची ‘नाही’ खोटी आहे हे आपल्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं. मग नायक मागे लागला तरी आपल्याला काही वाटत नाही, कारण शेवट ठाऊक आहे. पण खऱ्या मुलीच्या ‘नाही’मागे संगीत वाजत नाही. तिचं मन पडद्यावर दिसत नाही. तिने उच्चारलेला शब्द तेवढा आपल्याकडे असतो. तो शब्दच आपण ऐकायचा नाही, असं या मालिका शिकवतात. आणि मुलांआधी आपण बायकाच हे शिकतो.

हे मी पुस्तकी बोलत नाहीये. घरातलं सांगते, भाचीला विचारून सांगते.

माझी बहीण धुळ्याला असते. दोन वर्षांपूर्वी समाजाच्या परिचय संमेलनात तिच्या मुलीला एका मुलाने पाहिलं. घर चांगलं, धंदा चांगला, मुलगा दिसायला उजवा. दोघं एकदा भेटले, बोलले. भाचीने घरी येऊन सांगितलं, मला नाही पटत. मध्यस्थांमार्फत निरोप गेला, पण आपल्या पद्धतीने गेला: “सध्या मुलीचा विचार नाही, पुढे बघू.” त्या ‘पुढे बघू’ने सगळा घोळ केला. त्याआधी तिने त्याला स्वतः सरळ मेसेज केला होता की माझा नकार आहे. तरी त्याचे मेसेज सुरू राहिले. नंबर बंद केला तर दुसऱ्या नंबरवरून. वाढदिवसाला घरी केक, तोही अंड्याचा नाही अशी चिठ्ठी लावून. दिवाळीला ताईसाठी साडी. संध्याकाळी क्लासच्या बाहेर फुलं घेऊन उभा.

आणि आम्ही काय केलं? आम्ही विरघळलो! तेव्हा आम्ही बहिणी उन्हाळी बिबड्यांसाठी ताईच्या गच्चीवर जमलो होतो. कामापेक्षा त्या मुलाचीच चर्चा जास्त. आजकाल इतकं कोण करतं? केकची चिठ्ठी वाचलीस का, किती बारीक विचार! मीच भाचीला म्हटलं, “अगं, मालिकेत असतं तसं आहे हे. नशीब काढलंस.”

तिने हातातली पळी खाली ठेवली आणि म्हणाली, “मावशी, मी त्याला नाही म्हटलंय. तुमच्यापैकी कोणालाच ते ऐकू आलं नाही का?”

आणि ती खाली निघून गेली. पुढे कळलं की क्लासला ती लांबच्या रस्त्याने जात होती, आणि मग तिने क्लासच सोडला. ताई-जिजाजींना वाटलं, अभ्यासाचा कंटाळा आला असेल.

त्याच वर्षीच्या चातुर्मासात स्थानकात साध्वीजींनी रहनेमी आणि राजीमतीचा प्रसंग सांगितला. उत्तराध्ययन सूत्रातल्या बाविसाव्या अध्ययनातला. आपण लहानपणापासून ऐकलाय. नेमिकुमारांची वरात निघाली, मेजवानीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांनी ऐकला आणि ते माघारी फिरले. पुढे राजीमतीनेही दीक्षा घेतली. रैवतक पर्वतावर जाताना पाऊस आला, वस्त्रं भिजली, ती एका गुहेत गेली आणि वस्त्रं सुकत घातली. गुहेत रहनेमी ध्यानाला बसलेला होता. नेमिनाथांचाच भाऊ, तोही साधू. तिला पाहून त्याचं मन ढळलं. घाबरू नकोस म्हणाला, आधी संसाराचं सुख घेऊ, जिनमार्गाचं नंतर बघू.

मैत्रिणींनो, हा तर शंभर टक्के मालिकेतला प्रसंग आहे! पाऊस, गुहा, भिजलेली नायिका, राजघराण्यातला नायक. आजचा दिग्दर्शक असता तर इथे संगीत सुरू झालं असतं. आगमात काय होतं? राजीमती आधी थरथरते, अंग चोरून बसते. सूत्र तिची भीती लपवत नाही. मग ती सावरते आणि स्पष्ट सांगते की तू रूपाने कुबेरासारखा असलास, नलकुबरासारखा असलास, साक्षात इंद्र असलास, तरी तू मला नकोस. बघा, श्रीमंती आणि रूप, मालिकेच्या नायकाची दोन्ही भांडवलं ती एका दमात बाजूला सारते.

आणि रहनेमी? तो मनगट धरत नाही. नस कापून घेत नाही. दुसऱ्या दिवशी फुलं घेऊन उभा राहत नाही. अंकुश लागताच हत्ती वळावा तसा तो वळतो. पुढे दोघेही केवलज्ञान मिळवून मोक्षाला जातात.

माझी दुसरी तक्रार इथे आहे, आणि ती आपल्या घरातल्या लोकांशी आहे. हा प्रसंग मी आजवर जेवढ्या वेळा ऐकला, तेवढ्या वेळा तो मुलींच्या शीलावर सांगितला गेला. राजीमतीसारख्या खंबीर राहा. बरोबरच आहे. पण गोष्टीत दोन माणसं आहेत ना? एकीने नाही म्हटलं आणि दुसऱ्याने ते पहिल्या वेळेस ऐकलं. तो दुसरा अर्धा भाग आपण मुलांना कधी सांगतो? आपण मुलीला नाही म्हणायचं बळ देतो, मुलाला ते ऐकायचं बळ देत नाही. खरं तर मुलीलाही देत नाही. ‘सैराट’ आठवा. तिथे आर्चीचा स्वतःचा होकार घरच्यांना सोसला नाही. आमच्या गच्चीवर भाचीचा स्वतःचा नकार आम्हाला सोसला नाही. मग मुलीने स्वतः काही म्हणायचंच नाही का?

कोणी म्हणेल, एवढं काय, मालिका म्हणजे करमणूक. पाहावी आणि सोडून द्यावी. मीही असंच म्हणायचे. पण आपण रोज प्रतिक्रमणात काय म्हणतो? मनाने, वचनाने, कायेने; स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, करणाऱ्याला चांगलं म्हटलं. तिन्हीचा दोष मोजायला आपला धर्म सांगतो. तपस्वीचा पारणा असला की आपण किती उत्साहाने अनुमोदना करतो! मग जो एका मुलीला सहा महिने छळतो त्याच्या ‘प्रेमाला’ वा म्हणणं ही कशाची अनुमोदना झाली? त्या मुलाने पाठलाग केला. आम्ही सगळ्या साजूक बायकांनी त्याला चांगलं म्हटलं.

कायद्याला हे आपल्याआधी कळलं. आपल्याकडे २०१३ पासून बाईने स्पष्ट अनिच्छा दाखवूनही पुन्हापुन्हा संपर्क करणं, पाठलाग करणं हा गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे आणि पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्या कोरियाच्या मालिका आपण बघतो तिथेही ऑक्टोबर २०२१ पासून पाठलागाविरुद्ध स्वतंत्र कायदा लागू झाला. म्हणजे पडद्यावरचा हा ‘हळवेपणा’ तिथल्या मुलींनाही रस्त्यात सोसावा लागतो.

मी मालिका बघणं सोडलेलं नाही. सोडा असंही सांगत नाही. ‘क्रॅश लँडिंग’मधला तो कॅप्टन बाजारात हरवलेल्या मुलीला आपण दिसावं म्हणून हातात सुगंधी मेणबत्ती उंच धरून उभा राहतो, तो प्रसंग मला आजही आवडतो. तो तिला ओढून नेत नाही. ती आपल्या पायांनी त्याच्यापर्यंत येते. असं असेल तर जरूर टाळी वाजवा. फक्त लेकीसोबत किंवा लेकासोबत बघत असाल आणि नायकाने मनगट धरलं, तर मालिका थांबवा आणि म्हणा, तिने नाही म्हटलंय. एवढं एक वाक्य. मी म्हणते. लेक आधी वैतागायची, आता माझ्याआधी तीच म्हणते.

आणि स्थळं बघताना ‘पुढे बघू’ बंद करा. नकार असेल तर त्याच दिवशी, स्वच्छ शब्दांत कळवा. मुलाच्या आयांनो, नकार आला की साडी आणि मिठाई पाठवू नका. मुलाला जवळ बसवून रहनेमीची गोष्ट सांगा. माघारी वळला म्हणून तो लहान झाला नाही, मोक्षाला गेला, हे मुद्दाम सांगा.

प्रवचनाच्या दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला गेले. ताई-जिजाजींसमोर सगळं बोलले. जिजाजींनी त्या मुलाच्या वडिलांना स्वतः फोन केला, मध्यस्थ नाही, गोड भाषा नाही. पाठलाग थांबला. भाचीचा क्लास मात्र वाया गेला, तो काही परत आला नाही.

त्या वर्षीच्या संवत्सरीला मी सगळ्यांना फोन केले, नेहमीसारखे. तिला फोन केला नाही. समोर जाऊन हात जोडले. तुमच्या घरातही एखादी अशी मुलगी असेल, तर पर्युषणाची वाट बघू नका.

मिच्छामि दुक्कडम्.