चित्रकलेचा तास फुकटचा नाही

आमच्या उर्दू शाळेत चित्रकलेचा तास आला, की गणिताचे सर खडू घेऊन दारात हजर. "पोर्शन राहिलाय, तेवढा तास द्या." पालकसभेत मी याविरुद्ध बोलले, तेव्हा एका मुलाचे वालिद म्हणाले, "टीचर, बाटल्या-मडकी रंगवून पोट भरणार आहे का?"

त्यांना उत्तर म्हणून मी जॉर्जो मोरांदीचं नाव घेते. १८९० साली इटलीतल्या बोलोन्या शहरात जन्मलेला चित्रकार. १९०९ मध्ये वडील वारले. आयुष्य आई आणि तीन बहिणींसोबत गेलं. १९१४ ते १९२९ त्याने प्राथमिक शाळांत चित्रकला शिकवली. म्हणजे आपल्यासारखाच मास्तर! पुढे १९५६ पर्यंत, स्वतः शिकला त्याच कला अकादमीत एचिंग शिकवलं. बरीच वर्षं त्याचं पोट या पगारावरच भरलं. निजायची खोली हाच स्टुडिओ. विषय? रिकाम्या बाटल्या, डबे, सुरया. चकाकी नको म्हणून काहींना तो आधी रंग फासायचा. त्याच वस्तू बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवून वर्षानुवर्षं रंगवल्या. १९५७ साली ब्राझीलच्या साओ पाउलो द्वैवार्षिक प्रदर्शनात चित्रकलेचं मोठं पारितोषिक याच बाटल्यांना मिळालं. १९६४ मध्ये तो बोलोन्यातच वारला.

काही जण म्हणतात, तस्वीर नाजायज आहे. पण हा आक्षेप सजीवांच्या चित्रांवर घेतला जातो. बाटलीत कुठली रूह आहे? तेव्हा दीनला मध्ये आणू नका. अडचण आपल्या गुणांच्या हिशेबाची आहे. इंटरमीजिएटच्या परीक्षेत स्थिरचित्राचा पेपर असतो. त्याला मुलं बसवतो तीही दहावीच्या वाढीव गुणांसाठी. ग्रेड मिळाली, की रंगपेटी माळ्यावर!

प्रत्येक मूल चित्रकार व्हावं, असं मी म्हणत नाही. गणितही माझं दुश्मन नाही. पण घरातला लोटा, त्याची सावली, दोन भांड्यांमधली रिकामी जागा ज्याने कधी नीट पाहिली नाही, त्याला भूमितीतला कोन तरी कसा दिसणार? पाहणं ही तालीमच आहे आणि ती सवडीने होत नाही, तासाने होते.

म्हणून गणिताच्या सरांना अदबीने सांगते, खडू तुमचा, फळा तुमचा. आमचा तास तेवढा परत करा.