व्यासंग की वेठ?

रॉबर्ट मार्टिन यांचे 'द क्लीन कोडर' हे पुस्तक २०११ साली आले. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने आठवड्याला साठ तास राबावे, चाळीस मालकासाठी आणि वीस स्वतःच्या अभ्यासासाठी, असा त्यातला हिशेब आहे. शिकवणे ही मालकाची जबाबदारी नव्हे, हेही तेथे बजावलेले आहे. व्यवसायनिष्ठेच्या नावाने मांडलेला हा हिशेब आम्हांस मान्य नाही.

आमचा विरोध शिकण्याला नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिनक्स लिहायला घेतले, ते कोणा वरिष्ठाच्या आदेशावरून नव्हे. अशा शिकण्याला मराठीत 'व्यासंग' हा शब्द आहे. व्यासंगात विषय आपण निवडतो आणि वाटल्यास तो सोडूनही देतो. याउलट, कंपनीने नवी प्रणाली स्वीकारली, ती न आल्यास पगारवाढ अडेल, म्हणून माणूस रात्री अकरा वाजता लॅपटॉप उघडून बसतो, तेव्हा त्याला व्यासंगी म्हणणे ही शब्दाची विटंबना आहे. ही वेठ आहे. फक्त तिचे नाव आता 'अपस्किलिंग' आहे.

प्राध्यापकही घरी वाचतातच, असे कोणी म्हणेल. वाचतात, पण उद्बोधन वर्गाला किंवा उजळणी वर्गाला जायचे तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत त्यासाठी कर्तव्यरजेची तरतूद आहे. शिकणे हा कामाचाच भाग आहे, हे तेथे निदान कागदावर तरी मान्य आहे. मग तेच तत्त्व हिंजवडीत का लागू होऊ नये?

शिवाय हे वीस तास येतात कोठून? ज्याच्या घरी स्वयंपाक आणि मुलांचे दुसरे कोणी पाहते, त्यालाच ते सापडतात. जी अभियंता घरी येताच ओट्याशी उभी राहते, तिची गुणवत्ता या मोजपट्टीवर आपोआप कमी भरते.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. तिच्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची काही वर्षांची झुंज होती. झुंजून मिळवलेला तो रविवार आपण 'करिअर'च्या नावाने आपखुशीने परत करावा काय? मालकाला हवे ते मालकाच्या वेळात शिकवले जावे, एवढीच आमची मागणी आहे. उरलेल्या वेळात कोणी कादंबरी वाचील, कोणी नवी संगणकभाषा शिकेल, कोणी नुसता झोपेल. त्याचा जाब विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही.