ब्रे, बटाटे आणि आईचा डबा

आई सध्या आमच्याकडे स्लाऊला आली आहे. लंडन झालं, विंडसर दोनदा झालं, नातेवाइकांना पाठवायचे फोटोही काढून झाले. मागच्या शनिवारी बायकोला ड्यूटी होती. मी म्हटलं, "चल, आज तुला एक नदीकाठचं गाव दाखवतो. लोक तिथे खास जेवायला म्हणून जातात."

"म्हणजे नरसोबाच्या वाडीला बासुंदी खायला जातात तसं?"

"तसंच काहीसं."

"वाडीला निदान देव तरी आहे," आई म्हणाली आणि चपला शोधायला लागली :)

तर हे गाव म्हणजे ब्रे. एलिझाबेथ लाइनने स्लाऊहून मेडनहेड दहा-बारा मिनिटं, आणि तिथून रमतगमत अर्धा तास चालत. स्टेशन यायच्या जरा आधी गाडी ब्रूनेलच्या विटांच्या पुलावरून टेम्स ओलांडते. पूल १८३९ चा आहे आणि आजही रोज गाड्या अंगावर घेतो. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वीच्या कोडला 'लेगसी' म्हणतात. असो.

ब्रे दिसायला अगदी साधं. एक मुख्य रस्ता, जुनी घरं, चर्च, संपलं. पण १९७२ साली मिशेल आणि आल्बेर रू या फ्रेंच भावांनी इथे नदीला लागून 'वॉटरसाइड इन' सुरू केलं. १९८५ मध्ये त्याला मिशेलिनचे तीन तारे मिळाले, आणि २०१० मध्ये ते सलग २५ वर्षं टिकवणारं फ्रान्सबाहेरचं ते पहिलं रेस्तराँ ठरलं. मग १९९५ मध्ये हेस्टन ब्लूमेन्थल नावाच्या माणसाने इथल्याच एका जुन्या पबमध्ये 'फॅट डक' काढलं. त्यालाही २००४ मध्ये तिसरा तारा मिळाला. तेव्हा अख्ख्या ब्रिटनमध्ये तीन तारेवाली तीनच ठिकाणं होती, त्यातली दोन ह्या एवढ्याशा गावात!

हे तारे मुळात टायर कंपनीचे. मिशेलिनने १९०० साली मोटारवाल्यांसाठी गाइड काढलं, हेतू सरळ होता: लोकांनी हिंडावं आणि टायर झिजवावेत. तारे नंतर आले. दोन ताऱ्यांचा अर्थ 'वाट वाकडी करून जावं असं', आणि तीन ताऱ्यांचा 'खास प्रवास करून जावं असं'. आम्ही ट्रेनने गेलो, त्यामुळे टायर काही झिजले नाहीत.

आधी वॉटरसाइड इनच्या बाजूला जाऊन नदी बघितली. मग फॅट डकच्या दारासमोर उभं राहून मी आईला गोगलगायीची लापशी, अंडं-बेकनचं आइस्क्रीम असल्या तिथल्या गाजलेल्या पदार्थांची नावं सांगितली. तिने तोंड वाकडं केलं. मग मी हुकमी पत्ता काढला. म्हटलं, इथे माणशी काही शे पौंड लागतात. रुपयांत कित्येक हजार.

मला वाटलं, आता "काय मेले सोन्याचे घास आहेत का" येणार. आई गप्प. जरा वेळाने म्हणाली, "आत कामाला माणसं किती असतील रे?"

सुरुवातीला ब्लूमेन्थलच्या हाताखाली भांडी घासायला एकच माणूस होता, स्वयंपाक तो एकटाच करायचा, हे मी कुठेतरी वाचलेलं. ते सांगितल्यावर आई म्हणाली, "मग पहिली काही वर्षं मेला असेल बिचारा."

इथे थोडं मागे जायला हवं. मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा आई कर्वेनगरच्या आमच्या दोन खोल्यांतून डबे द्यायची. पहाटे साडेचारला उठून चौदा डबे. त्यातले पाच माझ्याच वर्गातल्या मुलांचे. तिसऱ्या वर्षाला असताना गॅस महागला, तेल महागलं, म्हणून तिने महिन्याला पन्नास रुपये वाढवायचं ठरवलं. मुलं मला कॅंटीनमध्ये म्हणाली, "काय राव, तुझी आई पण.." मला लाज वाटली. घरी येऊन मी भांडलो आणि तिला ती वाढ मागे घ्यायला लावली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

परत ब्रेमध्ये. फॅट डकचं टेबल आपल्या आवाक्यातलं नाही, म्हणून आम्ही त्याच माणसाच्या 'हाइंड्स हेड' ह्या पबमध्ये गेलो. इमारत पंधराव्या शतकातली, तुळया काळ्या पडलेल्या. आईसाठी मागवले 'ट्रिपल कुक्ड चिप्स'. ब्लूमेन्थलने ही पद्धत नव्वदच्या दशकात बसवली. बटाटे आधी पाण्यात इतके शिजवायचे की मोडायच्या बेतात येतात. मग गार करून आतली वाफ जाऊ द्यायची. मग १३० अंशांवर एकदा तळायचे, पुन्हा गार करायचे आणि शेवटी १८० वर तळायचे. शिजताना पृष्ठभागाला ज्या बारीक भेगा पडतात, त्या तळल्यावर कुरकुरीत होतात. गडी स्वयंपाक पुस्तकं वाचून आणि चुका करून शिकलेला. मांस आधी परतलं की रस आत कोंडला जातो, हा समज चूक आहे असं हॅरॉल्ड मॅगीच्या पुस्तकात वाचल्यापासून स्वयंपाकघरातला प्रत्येक नियम तपासून बघायला लागला. थोडक्यात डीबगिंग.

मी हे सगळं मोठ्या कौतुकाने सांगत होतो. आईने एक चिप मोडली, आत बघितलं, आणि म्हणाली, "म्हणजे कोथिंबीर वडीसारखं. उकडायची, पूर्ण गार होऊ द्यायची, मग तळायची. गरम असताना घाई केली तर तेलात फुटते. चौदा डब्यांच्या वड्या मी आदल्या रात्रीच उकडून ठेवायचे."

पंचवीस वर्षांत मला हे माहीत नव्हतं. कारण मी विचारलंच नव्हतं.

तर सांगायचा मुद्दा असा. आपण हॉटेलात बसलो की एक वाक्य ठरलेलं असतं: "ह्यात काय आहे, घरी निम्म्या पैशात होतं." घरी होतं ते कुणाच्या तरी फुकटच्या वेळेवर होतं, म्हणून निम्म्या पैशात होतं. बटाट्याचा भाव आपल्याला पाठ असतो, हाताचा भाव आपण शून्य धरतो. हाच हिशोब क्लायंटने आपल्याला लावला तर? "चाळीस ओळींचा तर कोड आहे, लॅपटॉपही आमचाच, एवढे पैसे कसले?" तेव्हा आपण अनुभव, कौशल्य, मार्केट रेट वगैरे सगळं बाहेर काढतो.

काही शे पौंडांचं जेवण रास्त आहे असं माझं म्हणणं नाही. मी ते जेवलेलो नाही, आणि त्या बिलात भाडं, नाव आणि हौस हेही मोजलेलं असणारच. पण दारावर पाटी लागली, तारे मिळाले, की ज्या कामाला आपण 'कला' म्हणतो, त्याच कामाला स्टीलच्या डब्यात 'फार महाग झालंय हल्ली' म्हणतो. हे मला आता पटत नाही.

आमच्या भागात एक मराठी ताई डबे देतात. गेल्या महिन्यात त्यांनी डब्यामागे एक पौंड वाढवला, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर जो गदारोळ झाला तो विचारू नका. त्यात 'हे जरा जास्तच होतंय' असा एक मेसेज होता आणि त्याखाली माझाही अंगठा होता. ट्रेनमध्ये बसल्यावर तो काढला. मग ग्रुपवर लिहिलं की मला वाढ मान्य आहे, आणि ती योग्य आहे. दोघांनी हसरे चेहरे टाकले, बाकी शांतता.

आईला त्या पन्नास रुपयांबद्दल विचारायला मेडनहेड ते स्लाऊ एवढा वेळ लागला. म्हटलं, "तेव्हा तुला मागे घ्यायला लावले, आठवतं?"

"आठवतं की," आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पन्नास कमीच होते रे. शंभर वाढवायला हवे होते."