एंडोस्कोपी नॉर्मल, तरी छातीत जळजळ का होते?

छातीत जळजळ होते, घशाशी आंबट येते, म्हणून तुम्ही एंडोस्कोपी करून घेता. रिपोर्ट येतो ‘नॉर्मल’. मग घरचे म्हणतात, “काही झालेलं नाही, उगाच मनाला लावून घेतोस.” पण वारंवार जळजळ होणाऱ्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या अन्ननलिकेत जखम दिसतच नाही. त्रास मात्र खरा असतो.

ॲसिड जास्त म्हणजे जळजळ जास्त, असे आपण आजवर मानत आलो. हे पूर्ण खरे नाही. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी अन्ननलिकेच्या अस्तराचे छोटे नमुने तपासले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात निरोगी व्यक्तींच्या आणि जखमा असलेल्या रुग्णांच्याही वेदनेच्या नसा अस्तरात खोलवर आढळल्या. जखम नसूनही जळजळ होणाऱ्यांत मात्र त्या पृष्ठभागाच्या जवळ होत्या. त्यामुळे थोडे ॲसिड वर आले तरी त्यांना झोंबत असावे.

याचा उपचारांशी काय संबंध?

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या ॲसिड कमी करतात, नसांची संवेदनशीलता नाही. जेवणाआधी अर्धा ते एक तास, रोज नियमित घेऊनही आठ आठवड्यांत फरक पडला नाही, तर स्वतःच गोळ्या वाढवू नका. डॉक्टरांना २४ तासांच्या पीएच तपासणीबद्दल विचारा. ॲसिड मर्यादेत असूनही ते वर येताच जळजळ होत असेल, तर त्याला ‘रिफ्लक्स हायपरसेन्सिटिव्हिटी’ म्हणतात. २०१६ च्या ‘रोम ४’ निकषांत या आजाराला स्वतंत्र स्थान मिळाले.

अशा वेळी नसांची संवेदना कमी करणारे औषध कमी मात्रेत दिले जाते. यातली काही औषधे नैराश्यासाठीही वापरतात. चिठ्ठीवर ते नाव पाहून “डॉक्टरांनी मला वेड्यात काढलं” असे समजू नका आणि औषध परस्पर बंद करू नका. ताण आणि अपुरी झोप यांनीही या नसा अधिक हळव्या होतात, त्यामुळे तिकडेही लक्ष द्या.

हे मात्र अंगावर काढू नका

घास अडकणे, विनाकारण वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा काळी शौच होत असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जा. छातीत दडपण, घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर ॲसिडिटी समजून वेळ घालवू नका. थेट रुग्णालय गाठा आणि आधी ईसीजी काढा.