बँकॉकला नोकरीला जायचंय? जा. पण आधी हे वाचा.

परवा संध्याकाळी गावातला एक मुलगा वडिलांना घेऊन घरी आला. बीकॉम झालेला, वय २४. मोबाईल पुढे करून म्हणाला, "दादा, तुम्ही पेपरवाले. हे ऑफर लेटर खरं आहे का तेवढं सांगा."

बँकॉक. डेटा एन्ट्री. महिना १ लाख, राहणं-खाणं फ्री. मुलाखत टेलिग्रामवर, तीही नुसती टायपिंग टेस्ट. व्हिसाचं विचारलं तर म्हणे, "एजंट म्हणाला, लागतच नाही." वडिलांनी सोयाबीनच्या पैशातून ५० हजार देऊनही टाकलेले.

एजंटचा नंबर कुठून मिळाला, विचारलं. मुलगा घुटमळला. जाहिरात आमच्याच पेपरात आली होती. ती मीच आणून दिली होती. माझं कमिशन २२५ रुपये.

म्हणून ही पोस्ट.

पहिली गोष्ट. भारतीयांना थायलंडमध्ये बिनव्हिसा प्रवेश मिळाला, तरी तो फिरायला. नोकरीसाठी 'नॉन-इमिग्रंट बी' व्हिसा इथूनच काढून जायचा असतो, त्याची कागदपत्रं तिथली कंपनी पाठवते. तिथे गेल्यावर वर्क परमिट वेगळं. "आधी या, मग करून देऊ" म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. पकडले गेलात तर गुन्हेगार तुम्ही, एजंट नाही.

दुसरी. काही कामं थायलंडने परदेशी माणसाला बंदच ठेवलीत. केस कापणं, टूर गाइड, थाई मसाज, आणि कारकुनी-सेक्रेटरीचं कामसुद्धा. आता सांगा, साध्या डेटा एन्ट्रीसाठी बँकॉकची कंपनी आपल्या तालुक्यातला पोरगा विमानाने का नेईल?

तिसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची. बँकॉकला उतरल्यावर "ऑफिस जरा लांब आहे" म्हणून गाडीत बसवतात. ही गाडी जवळपास ५०० किलोमीटरवरच्या माय सोत गावी जाते. तिथे मोएई नदी. नदीपलीकडे म्यानमारचं म्यावडी. तिथल्या कुंपणाच्या आत पासपोर्ट काढून घेतात आणि फोनवरून लोकांना लुबाडायच्या कामाला लावतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी तिथून सुटलेल्या ५४९ भारतीयांना दोन दिवसांत परत आणलं. परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला होता सप्टेंबर २०२२ मध्येच. त्यात हेच लिहिलं होतं: थायलंडमधल्या डेटा एन्ट्रीच्या नोकरीचं आमिष, एजंट, आणि पुढे बेकायदा म्यानमारमध्ये नेणं. आपल्यापर्यंत तो इशारा पोचला नाही. जाहिरात मात्र पोचली.

मग जायचं कसं? ई-मायग्रेट नावाची सरकारी वेबसाइट आहे. तिथे एजंटचं नाव शोधा. नोंदणीकृत एजंटला लायसन्स नंबर असतो आणि तो जाहिरातीत छापावा लागतो. त्याची फी जास्तीत जास्त ३० हजार, वर जीएसटी. पावती घ्या. कंपनीचं नाव-पत्ता बँकॉकमधल्या आपल्या दूतावासाला ईमेल करून विचारा. निघताना पासपोर्ट, व्हिसा, करारपत्र यांचे फोटो घरच्यांकडे ठेवा. पासपोर्ट तिथे कुणाच्या हातात देऊ नका.

अजून एक. दहावी न झालेल्याचा पासपोर्ट थायलंडला नोकरीला जाताना सरकार तपासतं, त्याला परवानगी लागते. दहावी झालेल्याला ती लागत नाही. म्हणजे शिकलेल्या पोराची वाट मोकळी, आणि तोच या जाळ्यात सापडतो, कारण त्यांना इंग्रजी टाइप करणारा हवा असतो.

लोक म्हणतात, पोरं लोभी झालीत. मला नाही पटत. बीकॉम होऊन दुकानात ९ हजारांवर काम करणाऱ्याला १ लाखाचं स्वप्न पडलं तर तो लोभ नाही. जाऊ द्या की बाहेर. बँकॉकमध्ये रीतसर व्हिसावर इमानाने काम करणारे भारतीय पुष्कळ आहेत. दोष आमचा आहे. लायसन्स नंबर न बघता जाहिरात छापणाऱ्यांचा, एजंटच्या ऑफिसची फीत कापणाऱ्या पुढाऱ्यांचा, आणि "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणून तक्रारदाराला परत पाठवणाऱ्यांचा.

त्याच रात्री मी एजंटला फोन लावला. लायसन्स नंबर मागितला. "पाठवतो" म्हणाला. तेव्हापासून फोन बंद. काल तिघं मिळून पोलिस ठाण्यात अर्ज देऊन आलो. ५० हजार परत येतील का, माहीत नाही. पोरगा घरी आहे, एवढं खरं.

परदेशातल्या नोकरीची जाहिरात लायसन्स नंबर असल्याशिवाय यापुढे मी घेणार नाही. तालुक्यातल्या बाकी पत्रकार मित्रांनाही हात जोडून हेच सांगणं आहे. आणि तुमच्या गल्लीत कुणी बॅग भरत असेल तर त्याला एवढंच विचारा: "व्हिसा कोणता आहे रे?"