कुंडं शोधायला सगळे येतात, पाण्याचा हिशेब मात्र कुणाकडेच नाही

रत्नागिरी : थंडी पडली की मुंबई-पुण्याकडच्या गाड्या कोकणातल्या आडवाटांना लागतात. मोबाइलवरचा नकाशा बघत 'अनोळखी' गरम पाण्याची कुंडं शोधायची, ही आता सहलीची नवी तऱ्हा झाली आहे. पण कुंडं अनोळखी कुणाला? उन्हवरे (दापोली), उन्हाळे (राजापूर), उन्हेरे (सुधागड) या गावांच्या नावातच ऊन पाणी आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथं आंघोळी होतायत.

पालघरपासून राजापूरपर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात असे झरे आहेत. संगमेश्वर तालुक्यातले आरवली आणि तुरळ महामार्गालगतच, राजवाडी थोडं आत. उन्हवऱ्याचं पाणी सर्वांत कडक, जवळपास ७० अंश. तुरळला ६० च्या आसपास, तर आरवलीला त्याहून बरंच कमी. म्हणून एका कुंडात उतरलो तसं दुसऱ्यात उतरायला गेलं तर पाय भाजायचे.

खाली ज्वालामुखी आहे, असं अजून काही जण सांगतात. तसं काही नाही. डोंगरावर पडलेला पाऊस कातळाच्या भेगांतून खोल जातो, तिथल्या उष्णतेनं तापतो आणि दुसऱ्या भेगेतून वर येतो. म्हणजे झरा नुसता कुंडात नसतो. वरचा डोंगर आणि खालचा कातळ, दोन्ही मिळून तो झरा. कुंडाला फरशी बसवली म्हणून झरा राखला, असं होत नाही.

आता हा विषय सहलीपुरता राहिलेला नाही. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये भूऔष्णिक ऊर्जेचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. देशात ३८१ गरम झरे नोंदलेले असून वीजनिर्मितीची क्षमता सुमारे १०,६०० मेगावॅट असल्याचा अंदाज आहे. पश्चिम किनारा त्या नकाशात आहे. धोरणात वीज आहे, तशीच शेती आणि मत्स्यशेतीसाठी उष्णतेचा थेट वापरही आहे. कोकम, आमसुलं, मासळी सुकवायला अशी उष्णता मिळाली तर कुणाला नको? पण त्यासाठी खोल बोअर मारावे लागतील. उद्या झऱ्याची धार बारीक झाली, पाणी कोमट झालं, तर ते बोअरमुळे की पाऊस कमी झाल्यामुळे, हे गाव कशावरून सांगणार?

यावर उपाय खर्चिक नाही. धारेखाली मापाची बादली धरायची, भरायला किती सेकंद लागले ते बघायचं, तापमापीनं ऊन किती ते मोजायचं आणि महिन्यातून एकदा ग्रामपंचायतीच्या वहीत लिहायचं. विहिरीचं पाणी किती हात खाली गेलं, हे शेतकरी बघतोच, तसंच हे. दोन-तीन वर्षांची वही हातात असली की ग्रामसभेत नुसतं 'आमचं पाणी गेलं' म्हणावं लागणार नाही, आकडा दाखवता येईल.

येणाऱ्यांनाही चार गोष्टी ठणकावून सांगाव्यात. साबण-शाम्पू कुंडात नको. उतरण्याआधी पाणी मगमध्ये घेऊन बघा. बुडी मारू नका, कोमट गोड्या पाण्यातला मेंदूला घातक अमीबा नाकावाटे शिरतो. आणि बाटल्या आणल्या तशा परत न्या.

पाहुणे रविवारी संध्याकाळी परत जातात. बोअरच्या परवानगीचा कागद गावात येईल तेव्हा वही गावाकडेच असायला हवी.